जॉन वेस्ली हायट

जॉन वेस्ली हायट (जन्म: २८ नोव्हेंबर १८३७, स्टार्की, न्यू यॉर्क, अमेरिका, मृत्यू: १० मे १९२०, शॉर्ट हिल्स, न्यू जर्सी, अमेरिका) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. सेल्युलॉइड या प्लास्टिकचे व्यापारी उत्पादन यशस्वी करणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात. सेल्युलॉइडला आकार देण्यासाठी त्यांनी व त्यांचे बंधू आयझाया स्मिथ हायट यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेले दट्ट्याचे यंत्र हे आजच्या इंजेक्शन मोल्डिंग यंत्राचे पहिले रूप मानले जाते. सेल्युलॉइडखेरीज पाणी गाळण्याची यंत्रणा, उसाचा चरक, रोलर बेअरिंग आणि शिवणयंत्र अशा विविध क्षेत्रांत त्यांनी काम केले. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक पेटंटे आहेत.

सुरुवातीचे जीवन

हायट यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील स्टार्की या गावी झाला. त्यांचे वडील लोहारकाम करीत. हायट यांचे औपचारिक शिक्षण वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास संपले. त्यानंतर ते इलिनॉय राज्यात गेले आणि तेथे छपाईचा व्यवसाय शिकले. पुढे ते न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे आले व छापखान्यात कारागीर म्हणून काम करू लागले. रसायनशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. यंत्रांचे व कारागिरीचे ज्ञान त्यांनी प्रत्यक्ष कामातून मिळवले. १८६१ मध्ये त्यांना सुऱ्यांना धार लावण्याच्या एका साधनाबद्दल पहिले पेटंट मिळाले.

हस्तिदंताचा पर्याय

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बिलियर्डचा खेळ लोकप्रिय झाला होता. या खेळाचे चेंडू हस्तिदंतापासून बनवीत. चेंडू सर्व बाजूंनी समतोल असावा लागतो, म्हणून तो सुळ्याच्या मध्यभागातून कोरावा लागे आणि एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत. त्यामुळे हस्तिदंत महाग झाले होते. १८६३ मध्ये न्यू यॉर्कमधील फेलन अँड कोलेंडर या बिलियर्ड साहित्याच्या कंपनीने हस्तिदंताला योग्य पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस देऊ केले. ही घोषणा हायट यांच्या वाचनात आली. छापखान्यातील काम सांभाळून रात्री व रविवारी त्यांनी प्रयोग सुरू केले.

सुरुवातीला त्यांनी लाकडाचा भुसा, कागदाचा लगदा, कापड आणि लाख यांची मिश्रणे दाबाखाली घट्ट करून पाहिली. १८६५ मध्ये त्यांनी अशा मिश्र रचनेच्या चेंडूचे पेटंट घेतले. हा चेंडू खेळाडूंना पसंत पडला नाही. मात्र दाब व उष्णता वापरून लगद्याला आकार देण्याचा जो अनुभव या काळात मिळाला, त्यातून सोंगट्या व डॉमिनो बनवणारा व्यवसाय उभा राहिला आणि त्यात त्यांचे बंधूही सहभागी झाले.

छापखान्यात बोटांच्या त्वचेला संरक्षण म्हणून कोलोडियन वापरत असत. कोलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोज हे ईथर व अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवून केलेले द्रावण. एकदा सांडलेले कोलोडियन वाळून त्याचा कठीण पापुद्रा तयार झालेला हायट यांना आढळला. त्यावरून त्यांनी चेंडूवर कोलोडियनचा थर देण्याची पद्धत शोधली व १८६९ मध्ये तिचे पेटंट घेतले. असे चेंडू बनवण्यासाठी ऑल्बनी बिलियर्ड बॉल कंपनी स्थापन करण्यात आली.

या चेंडूंमध्ये एक दोष होता. वरचा थर जवळजवळ शुद्ध नायट्रोसेल्युलोजचा असल्यामुळे पेटती सिगार लागताच तो भडकत असे. दोन चेंडू जोरात आदळल्यास क्वचित लहानसा स्फोटही होई. कोलोरॅडोतील एका बिलियर्डगृहाच्या मालकाने याविषयी पत्र पाठवल्याचे हायट यांनी पुढे एका भाषणात सांगितले. त्या आवाजाबद्दल मालकाची तक्रार नव्हती, परंतु आवाज होताच खोलीतील प्रत्येक जण पिस्तूल उपसत असे.

सेल्युलॉइड

नायट्रोसेल्युलोजपासून घन वस्तू बनवण्याचा प्रयत्न हायट यांच्या आधी इंग्लंडमध्ये झाला होता. अलेक्झांडर पार्क्स यांनी पार्केसीन नावाचा पदार्थ १८६२ च्या लंडन आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडला होता. त्याच्या उत्पादनासाठी १८६६ मध्ये काढलेली कंपनी दोन वर्षांत बंद पडली. द्रवरूप द्रावक वापरून केलेल्या वस्तू द्रावक उडून गेल्यावर आकसत व वाकत, ही त्यातील मोठी अडचण होती. पार्क्स यांचे सहकारी डॅनियल स्पिल यांनी झायलोनाइट या नावाने तेच काम पुढे चालू ठेवले.

हायट बंधूंनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी ओलसर नायट्रोसेल्युलोजच्या लगद्यात बारीक केलेला कापूर मिसळला. वजनाने साधारणपणे दोन भाग नायट्रोसेल्युलोजला एक भाग कापूर असे प्रमाण होते. हे मिश्रण दाबून त्यातील पाणी काढले जाई आणि नंतर दाबाखाली ते तापवले जाई. तापलेला कापूर स्वतःच द्रावकाचे काम करी. मोठ्या प्रमाणात द्रव उडून जाण्याचा प्रश्न यामुळे कमी झाला. तयार झालेला पदार्थ गरम असताना मऊ होई व थंड झाल्यावर कठीण राही. पुन्हा तापवल्यास तो पुन्हा मऊ होई. १२ जुलै १८७० रोजी या पद्धतीचे अमेरिकन पेटंट दोघा बंधूंना मिळाले. पेटंटच्या शीर्षकात पदार्थावरील प्रक्रियेबरोबरच त्याला साच्यात आकार देण्याचाही उल्लेख होता. सेल्युलॉइड हे नाव आयझाया यांनी सुचवले.

नायट्रोसेल्युलोज तापवणे धोक्याचे होते. भांडवलदारांच्या वतीने पाहणीस आलेल्या एका रसायनतज्ज्ञाने, तापमान चुकून वाढले तर मोठा अपघात होईल असा इशारा दिला. हायट यांनी या इशाऱ्याची परीक्षा स्वतःच घेतली. जाड फळीच्या आडोशाला राहून त्यांनी मिश्रण ठरलेल्या तापमानापेक्षा पुष्कळ अधिक तापवले. वायू फुसफुसत बाहेर पडले, परंतु स्फोट झाला नाही. या प्रयोगानंतर त्यांनी काम पुढे चालू ठेवले.

सेल्युलॉइडचा पहिला व्यापारी उपयोग कवळ्यांसाठी झाला. त्या काळी कवळीची बैठक कठीण केलेल्या रबराची असे आणि त्याच्या वापरासाठी दंतवैद्यांना पेटंटधारक कंपनीला शुल्क द्यावे लागे. १८७० मध्ये स्थापन झालेल्या ऑल्बनी डेंटल प्लेट कंपनीने सेल्युलॉइडच्या बैठका विकायला सुरुवात केली. त्यांना कापराचा वास येई आणि काही बैठका तोंडातील उष्णतेने वाकत, त्यामुळे रबराची जागा त्या पूर्णपणे घेऊ शकल्या नाहीत.

नेवार्क येथील कारखाना

न्यू यॉर्कमधील मार्शल लेफर्ट्स व इतर भांडवलदारांच्या साहाय्याने सेल्युलॉइड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. १८७२-७३ च्या हिवाळ्यात कारखाना ऑल्बनीहून न्यू जर्सी राज्यातील नेवार्क येथे हलवण्यात आला. नेवार्कमध्ये कुशल यंत्रकार उपलब्ध होते. त्यांपैकी चार्ल्स बरोज यांनी सेल्युलॉइडसाठी लागणारी अनेक यंत्रे बनवली.

कंपनी प्रामुख्याने सेल्युलॉइडचे पत्रे, कांड्या व नळ्या तयार करी. त्यांपासून वस्तू बनवण्याचा परवाना वेगवेगळ्या कंपन्यांना दिला जाई. कंगवे, ब्रशांच्या मुठी, सुऱ्यांच्या मुठी, दागिने, पियानोच्या पट्ट्या, धुता येणाऱ्या कॉलरी व कफ अशा अनेक वस्तू बाजारात आल्या. हस्तिदंत, कासवाचे कवच, पोवळे यांसारख्या महाग पदार्थांची नक्कल सेल्युलॉइडमध्ये चांगली साधत असे. त्यामुळे पूर्वी श्रीमंतांपुरत्या मर्यादित असलेल्या वस्तूंसारख्या दिसणाऱ्या वस्तू सामान्य ग्राहकांना परवडू लागल्या.

दट्ट्याचे यंत्र

१९ नोव्हेंबर १८७२ रोजी हायट बंधूंना सेल्युलॉइडवर प्रक्रिया करण्याची पद्धत व यंत्रे यांबद्दल आणखी एक पेटंट मिळाले. त्यात वर्णिलेल्या यंत्रात एक तापवलेले नळकांडे आणि त्यात सरकणारा दट्ट्या होता. नळकांड्यात भरलेले सेल्युलॉइड उष्णतेने मऊ झाल्यावर दट्ट्या ते पुढच्या तोंडातून जोराने बाहेर दाबत असे. तोंडाशी आकार देणारे छिद्र बसवल्यास कांडी किंवा नळी मिळे. तोंडाशी बंद साचा लावल्यास तो भरून वस्तू तयार होई. धातूच्या किंवा लाकडाच्या गाभ्यावर सेल्युलॉइडचे आवरण चढवण्यासाठीही ही पद्धत उपयोगी पडली. कारखान्यात हे यंत्र साचा ठासून भरणारे यंत्र या अर्थाच्या नावाने ओळखले जाई.

वितळलेला पदार्थ साच्यात दाबण्याची कल्पना छपाईच्या व्यवसायात आधीपासून वापरात होती. खिळे पाडण्याच्या यंत्रांत शिसेमिश्रित धातू वितळवून साच्यात भरली जाई. वितळलेली धातू पाण्यासारखी वाहते. सेल्युलॉइड मात्र घट्ट मळलेल्या कणकेसारखे मऊ होते आणि त्याला वाहते करण्यासाठी उष्णता व मोठा दाब दोन्ही लागतात. शिवाय जास्त तापल्यास ते कुजते किंवा पेटते. हायट यांच्या यंत्राने या मर्यादित तापमानात काम साधले.

१८७८ मध्ये हायट यांनी एकापेक्षा अधिक पोकळ्या असलेला साचा वापरात आणला. एकाच प्रवेशमार्गातून येणारा पदार्थ लहान वाहिन्यांमधून सर्व पोकळ्यांत पोहोचे आणि यंत्राच्या एका खेपेत अनेक वस्तू निघत. मुख्य मार्ग, वाहिन्या आणि पोकळीच्या तोंडाशी असलेले अरुंद द्वार ही साच्याची रचना आजही तशीच आहे.

छिद्रे पाडण्याचा प्रश्न

हायट यांच्या काळात सेल्युलॉइडच्या बहुतेक वस्तू पत्रे व कांड्या कापून, करवतून व घासून बनवल्या जात. वस्तूत छिद्र हवे असल्यास ते नंतर गिरमिटाने पाडावे लागे. लाकूड, हाड व हस्तिदंत यांचे काम करणाऱ्या कारागिरांची हीच रीत होती आणि नवा पदार्थही त्यांनी याच रीतीने हाताळला.

सेल्युलॉइडच्या बाबतीत या रीतीचे तीन तोटे होते. प्रत्येक छिद्रासाठी स्वतंत्र मजुरी द्यावी लागे. कापताना निघणारा कीस पुन्हा वापरण्यासाठी त्यावर नव्याने प्रक्रिया करावी लागे. तिसरा तोटा सर्वांत गंभीर होता. घर्षणाने सेल्युलॉइड तापते आणि त्याचा भुसा सहज पेट घेतो, म्हणून करवतीवर पाण्याची धार सोडावी लागे आणि साठलेला कीस वेळोवेळी हलवावा लागे.

साच्यात भरलेल्या वस्तूला हा त्रास नसतो. साच्यात छिद्राच्या जागी पोलादी पिन उभी केली की पदार्थ तिच्याभोवती वाहतो व घट्ट होतो. वस्तू बाहेर निघाल्यावर पिनेच्या जागी छिद्र शिल्लक राहते. कोणताही भाग कापला जात नाही, कीस पडत नाही आणि वेगळी मजुरी लागत नाही. मात्र यासाठी छिद्राची जागा, खोली व दिशा वस्तू बनवण्याआधी, साचा घडवतानाच ठरवावी लागते. सेल्युलॉइड ज्वालाग्राही असल्याने साच्यात भरण्याची पद्धत हायट यांच्या हयातीत ठरावीक लहान वस्तूंपुरती मर्यादित राहिली. तिचा पूर्ण उपयोग पुढील पिढीत झाला.

आगीचा धोका

नेवार्कच्या कारखान्यात आगी व स्फोटांच्या अनेक घटना घडल्या आणि त्यांत कामगारांचे प्राण गेले. नायट्रोसेल्युलोज वाळवण्याचे व साठवण्याचे काम विशेष धोक्याचे होते. सेल्युलॉइडच्या वस्तू घरात वापरणाऱ्यांनाही दिवा व शेगडीपासून सावध राहावे लागे.

हाच गुणधर्म पुढे चित्रपटांच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. १८८८ मध्ये फिलाडेल्फियातील छायाचित्रण साहित्याचे उत्पादक जॉन कार्बट यांनी नेवार्क येथील सेल्युलॉइडच्या पातळ पत्र्यांवर प्रकाशसंवेदी थर देऊन काचेऐवजी ते वापरले. त्यानंतर नायट्रोसेल्युलोजच्या लवचीक फिती तयार झाल्या व चलच्चित्रे शक्य झाली. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा राजा हरिश्चंद्र हा चित्रपटही अशाच फितीवरचा आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागून मूक व आरंभीच्या बोलपटांच्या अनेक फिती नष्ट झाल्या.

पेटंटचा खटला

१८७७ मध्ये डॅनियल स्पिल यांनी सेल्युलॉइड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. कापूर व अल्कोहोल यांचा द्रावक म्हणून उपयोग करण्याचे पेटंट आपले असून कंपनीने त्याचा भंग केला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीचा सर्व व्यवसाय या प्रक्रियेवर अवलंबून असल्याने निकालाला मोठे महत्त्व होते. १८८० मध्ये न्यायाधीश सॅम्युएल ब्लॅचफर्ड यांनी स्पिल यांच्या बाजूने निर्णय दिला. प्रकरणाचा पुन्हा विचार झाल्यावर १८८४ मध्ये ब्लॅचफर्ड यांनीच हा निर्णय फिरवला. कापराचा असा उपयोग पार्क्स यांनी स्पिल यांच्या आधीच वर्णिलेला होता, असे त्यांनी मान्य केले. त्यामुळे स्पिल यांचा दावा फेटाळला गेला आणि सर्व उत्पादकांना ही प्रक्रिया वापरण्याची मोकळीक मिळाली.

या निकालाने पदार्थाच्या शोधाचे प्राथमिक श्रेय पार्क्स यांच्याकडे गेले. हायट यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या जातात. नायट्रोसेल्युलोजपासून प्लास्टिक बनवण्याची कल्पना पार्क्स यांची होती. ते एकसारख्या दर्जाचे, विकता येईल अशा किमतीत आणि हव्या त्या आकारात बनवण्याची पद्धत व यंत्रे हायट यांची होती. पार्क्स व स्पिल यांचे सुरुवातीचे उद्योग बंद पडले, तर नेवार्कचा कारखाना टिकला.

इतर संशोधन

१८८० च्या दशकात हायट बंधूंनी पाणी शुद्ध करण्याच्या कामाकडे लक्ष वळवले. वाहत्या पाण्यात तुरटीसारखे साकळणारे द्रव्य सोडून ते लगेच वाळूतून गाळण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. तोपर्यंत पाणी मोठ्या टाक्यांत दीर्घकाळ निवळू द्यावे लागे. नव्या पद्धतीमुळे कमी जागेत अधिक पाणी गाळता येऊ लागले. शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी व कारखान्यांसाठी तिचा उपयोग झाला.

१८९० च्या दशकात त्यांनी उसाचा रस काढणारा सुधारित चरक तयार केला. त्याच काळात त्यांनी पोलादी पट्टी मळसूत्राप्रमाणे गुंडाळून केलेले लवचीक रोलर वापरणारे बेअरिंग बनवले. दांडा किंचित वाकडा बसला तरी हे रोलर भार सोसत. १८९२ मध्ये हायट रोलर बेअरिंग कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना न्यू जर्सीतील हॅरिसन येथे होता. १८९५ मध्ये आल्फ्रेड स्लोन हे तरुण अभियंते या कंपनीत नोकरीस लागले. कंपनी अडचणीत आली असता स्लोन यांच्या वडिलांनी व त्यांच्या एका सहकाऱ्याने भांडवल पुरवले आणि व्यवस्थापन स्लोन यांच्याकडे आले. मोटारींच्या वाढत्या उद्योगाने बेअरिंगांना मोठी बाजारपेठ मिळवून दिली. कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लेलँड यांनी बेअरिंगांच्या मापांतील फरकावर हरकत घेतली, तेव्हा ठरलेल्या मापात अचूक उत्पादन करण्याचे महत्त्व स्लोन यांना पटले. १९१६ मध्ये ही कंपनी १ कोटी ३५ लाख डॉलरला विकली गेली. स्लोन पुढे जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले.

यांशिवाय यंत्रांचे पट्टे शिवण्यासाठी एकाच वेळी अनेक टाके घालणारे शिवणयंत्र, पोलादी कांड्या सरळ करण्याचे यंत्र आणि लाकूड घट्ट करण्याची पद्धत अशीही त्यांची संशोधने होती.

अखेरची वर्षे आणि सन्मान

१९१४ मध्ये सोसायटी ऑफ केमिकल इंडस्ट्री या संस्थेच्या अमेरिकन शाखेने हायट यांना पर्किन पदक प्रदान केले. औद्योगिक रसायनशास्त्रातील कार्यासाठी दिले जाणारे हे पदक रसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेल्या व्यक्तीला मिळाले, हे उल्लेखनीय आहे. त्या प्रसंगी केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या आरंभीच्या प्रयोगांची हकिगत सांगितली. सेल्युलॉइडच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन आहे. १० मे १९२० रोजी शॉर्ट हिल्स येथे वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

ज्वालाग्राही नसलेले किंवा कमी ज्वालाग्राही असलेले प्लास्टिक उपलब्ध झाल्यावर हायट यांची साच्यात भरण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात आली. सेल्युलोज ॲसिटेटच्या आगमनानंतर १९२० च्या दशकात जर्मनीत अशी यंत्रे विकसित झाली. १९४६ मध्ये अमेरिकन संशोधक जेम्स वॉटसन हेंड्री यांनी दट्ट्याऐवजी फिरणारा स्क्रू वापरणारे यंत्र बनवले. त्यामुळे प्लास्टिक सर्वत्र सारखे तापू व मिसळू लागले. आज स्विचच्या खोक्यांपासून मोटारींच्या भागांपर्यंत असंख्य वस्तू इंजेक्शन मोल्डिंगने तयार होतात.

या वस्तूंचे दोन भाग पुष्कळदा स्क्रूने जोडलेले असतात. त्यासाठीची छिद्रे कशी आखावीत, याचे नियम साच्याच्या कार्यपद्धतीतून आले आहेत. स्क्रूचे छिद्र सामान्यतः भिंतीवर उभ्या केलेल्या पोकळ दंडगोलात असते. त्यास बॉस असे म्हणतात. छिद्राची दिशा साचा उघडण्याच्या दिशेला समांतर ठेवली, तर साचा उघडताना पिन सरळ बाहेर निघते. छिद्र आडवे असल्यास पिन आधी बाजूला सरकवणारी स्वतंत्र यंत्रणा साच्यात बसवावी लागते आणि साच्याचा खर्च व बिघाडाची शक्यता दोन्ही वाढतात. प्लास्टिक थंड होताना आकसून पिनेला घट्ट धरते, म्हणून पिनेला सुमारे अर्धा ते एक अंश उतार दिला जातो.

आरपार छिद्रासाठीच्या पिनेला दोन्ही टोकांना आधार मिळतो. एका बाजूने बंद असलेल्या छिद्राची पिन एकाच टोकाला धरलेली असते आणि आत शिरणाऱ्या प्लास्टिकच्या दाबाने ती वाकू शकते. त्यामुळे अशा छिद्राची खोली सर्वसाधारणपणे व्यासाच्या दुप्पट ते तिप्पट इतकी मर्यादित ठेवतात. प्लास्टिकचे दोन प्रवाह पिनेला वळसा घालून पलीकडे मिळतात, तेथे जोडरेषा तयार होते. ही रेषा आसपासच्या भागापेक्षा कमकुवत असते आणि स्क्रू घट्ट करताना बॉस तेथेच चिरण्याची शक्यता असते. छिद्र वस्तूच्या कडेच्या फार जवळ न घेण्याचे हे एक कारण आहे.

बॉसची भिंत जाड केल्यास ती मजबूत होईल असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात जाड भाग उशिरा थंड होतो व अधिक आकसतो. त्यामुळे वस्तूच्या दर्शनी पृष्ठभागावर खळगा पडतो. म्हणून बॉसची भिंत मुख्य भिंतीच्या सुमारे ६० टक्के जाडीची ठेवतात आणि बळकटीसाठी बाजूने पातळ फासळ्या देतात. बॉस कडेच्या भिंतीत मिसळून टाकण्याऐवजी थोडा अलग ठेवून फासळीने जोडला जातो.

स्क्रूचे आटे साच्यातच पाडायचे झाल्यास आटे असलेली पिन प्रत्येक खेपेस फिरवून काढावी लागते. हा वेळ व खर्च टाळण्यासाठी बहुधा साधे गुळगुळीत छिद्र ठेवतात व स्वतःच आटे पाडणारा स्क्रू वापरतात. अशा छिद्राचा व्यास स्क्रूच्या बाहेरील व्यासाच्या सुमारे ८० टक्के असतो, मात्र नेमके प्रमाण प्लास्टिकच्या प्रकारावर अवलंबून असते. छिद्र लहान झाल्यास बॉस फुटतो, मोठे झाल्यास आट्यांची पकड सुटते. तोंडाशी छिद्र किंचित रुंद केल्यास स्क्रू सरळ शिरतो व पहिल्या आट्याने कड उचलली जात नाही. वारंवार उघडाव्या लागणाऱ्या जोडांसाठी आटे असलेले पितळी नळकांडे छिद्रात बसवले जाते.

हे नियम हायट यांनी घालून दिलेले नाहीत. साच्यांच्या दीर्घ वापरातून ते पुढे तयार झाले. परंतु वस्तू बनवण्याची पद्धत आधी लक्षात घेऊन तिचा आकार ठरवण्याची जी गरज या सर्व नियमांमागे आहे, ती हायट यांच्या १८७२ च्या यंत्रापासून सुरू होते. कोरीव कामात कारागीर चूक नंतर सुधारू शकत असे. साच्यात ती चूक प्रत्येक वस्तूत उतरते, तसेच विचारपूर्वक आखलेले छिद्रही प्रत्येक वस्तूत वेगळ्या श्रमाशिवाय मिळते.